वेताची वही

मुंबईत पिलू घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘पेपर आहेत का?’ प्रश्न रास्त आहे. पण पेपर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं आणि पुष्कळदा विकणाऱ्यालाही नसतं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीपत्रावर पिलाचं नाव, मायक्रोचिपचा नंबर, आई-बाप आणि मागच्या पिढ्या असतात. घराण्यात कुणी चॅम्पियन झाला असेल तर त्याच्या नावाआधी तसं लिहिलेलं असतं. आईच्या खुब्यांचा एक्स-रे कसा आला होता, बापाच्या डोळ्यांची तपासणी झाली होती का, पिलाचं वजन चौथ्या दिवशी वाढलं की घटलं, यातलं काहीही त्या कागदावर नसतं. ते ब्रीडरच्या वहीत असतं. वही नसेल तर कुठंच नसतं.

कुत्र्यांच्या पैदाशीत जे बिघडतं ते बहुतेक वेळा अंदाजावर चालल्यामुळे बिघडतं, असं माझं ठाम मत आहे. आज माजाचा बारावा दिवस असेल, पुढच्या आठवड्यात कधीतरी कुत्री विईल, पिलं दूध पिताहेत म्हणजे ठीकच असतील. यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते. त्यासाठी फार महागडं सामान लागत नाही. थर्मामीटर, ग्रॅममध्ये वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि एक दोनशे पानी वही.

वहीचं पहिलं पान कुत्री माजावर यायच्या कितीतरी आधी भरावं लागतं. मुंबईच्या सोसायट्यांमध्ये लॅब्राडॉर घरोघरी दिसतो, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. लॅबमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष घराण्यातून उतरतो. तो चालीवरून नेहमी कळत नाही. तरुणपणी स्नायू घट्ट असतात, कुत्रं छान पळतं आणि दोष झाकला जातो. कुत्रीला गुंगी देऊन, मागचे पाय सरळ ताणून एक्स-रे काढला तरच तो दिसतो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत त्याची ए ते ई अशी प्रतवारी होते. ए आणि बी निर्धास्त. सी असेल तर समोरचा नर ए हवा आणि वेत घेण्यामागे तसंच सबळ कारण हवं. डी आणि ई असेल तर विषय संपला, मग कुत्री कितीही देखणी असो. हा दोष एका जनुकाचा नसतो, त्यामुळे चांगल्या खुब्यांच्या जोडीलाही एखादं वाईट पिलू होऊ शकतं. म्हणून फक्त आई-बापाचे नाही, जमलं तर त्यांच्या भावंडांचेही रिपोर्ट वहीत हवेत.

डोळ्यांचं गणित त्या मानाने सोपं आहे. लॅबमध्ये हळूहळू आंधळेपण आणणारा पीआरसीडी नावाचा पडद्याचा विकार एका जनुकामुळे होतो आणि तो दोन्ही बाजूंनी आला तरच उमटतो. गालाच्या आतून पुसलेल्या बोळ्यावर किंवा रक्तावर डीएनए चाचणी होते. उत्तर तीनपैकी एक येतं: निर्दोष, वाहक किंवा बाधित. वाहक कुत्री आणि निर्दोष नर अशी जोडी लावली तर एकही पिलू आंधळं होत नाही, सरासरीने निम्मी पिलं वाहक निघतात. दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक पिलाला २५ टक्के धोका. कुत्री वाहक निघाली की लगेच तिला बाद करणारे लोक आहेत. मला ते चुकीचं वाटतं. चांगल्या खुब्यांची, शांत स्वभावाची कुत्री एवढ्यासाठी बाजूला काढली तर आपण आधीच अरुंद असलेलं रक्त आणखी अरुंद करतो. तिला निर्दोष नर द्यावा आणि पिलांची चाचणी करावी.

रक्त अरुंद होण्याची गोष्ट आपल्याकडे फार हलक्यात घेतली जाते. शोमध्ये एक नर गाजला की मुंबई-पुणे-नाशिक पट्ट्यातल्या सगळ्या कुत्र्या त्याच्याकडेच जातात. पुढच्या पिढीत ओळखीच्या चार घरांतली पिलं एकमेकांची सावत्र भावंडं निघतात आणि त्यांच्यातच जोड्या लागायला लागतात. सावत्र भावंडांच्या जोडीतून होणाऱ्या पिलात १२.५ टक्के अंतःप्रजनन असतं, सख्ख्या भावंडांच्या जोडीतून २५ टक्के. वेत लहान येणं, पिलं अशक्त निघणं, माज अनियमित होणं या तक्रारी मग सुरू होतात आणि दोष अन्नाला दिला जातो. दोन्हीकडची पाच पिढ्यांची नावं एका पानावर शेजारी शेजारी लिहिली, तर कुठलं नाव दोन्हीकडे येतंय ते पंधरा मिनिटांत दिसतं.

पग आणि फ्रेंच बुलडॉगबद्दल स्पष्टच बोलायला हवं. कुत्रं धापून, म्हणजे जिभेवरची आणि श्वासनलिकेतली ओल वाफ करून अंग थंड ठेवतं. मुंबईच्या पावसाळ्यात हवा आधीच पाण्याने भरलेली असते, वाफ फारशी होत नाही. ज्याच्या नाकपुड्या फटीएवढ्या आहेत आणि टाळू घशात लोंबतोय त्या कुत्र्याला इथे जूनमध्ये दोन जिने चढणंही जिवावर बेतू शकतं. अशा कुत्र्याचं वेत घेऊ नये, कितीही बक्षिसं असली तरी. उघड्या नाकपुड्यांचे, जरा लांब तोंडाचे, चालून आल्यावर घोरत नसलेले फ्रेंची मिळतात. तेच निवडावेत.

कायदा याबाबतीत किमान मर्यादा घालून देतो. कुत्र्यांच्या पैदाशी आणि विक्रीबाबतच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. कुत्री १८ महिन्यांची झाल्याशिवाय वेत नाही, वर्षात एकापेक्षा जास्त नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाही, आणि आठ आठवड्यांखालचं पिलू विकायचं नाही. लॅबसाठी मी यापेक्षा कडक असेन. खुबे दोन वर्षांनी पक्के कळतात, त्यामुळे पहिलं वेत त्यानंतर. आणि एका कुत्रीला तीन वेतं पुरेत.

आता माज. रक्त दिसायला लागलं की तो पहिला दिवस धरून बरेच जण दहाव्या आणि बाराव्या दिवशी नराकडे नेतात. काहींचं जमतं, म्हणून ही रीत टिकली आहे. पण एखादी कुत्री सातव्या दिवशी तयार असते तर एखादी विसाव्या दिवशी. ‘रिकामी राहिली’ म्हणून जिच्यावर शिक्का बसतो ती पुष्कळदा चुकीच्या दिवशी नेलेली असते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासलं तर अंदाजाची गरज उरत नाही. मिलिलिटरमागे १ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर अजून अवकाश आहे. २ ते ३ च्या आसपास आलं की अंडी सोडायला लावणाऱ्या एलएच संप्रेरकाची लाट आली असं समजायचं. ५ ते ८ च्या दरम्यान अंडी सुटतात. कुत्रीची अंडी मात्र सुटल्या सुटल्या फळत नाहीत, त्यांना पक्व व्हायला आणखी दोन दिवस लागतात. म्हणून अंडी सुटल्यानंतर दोन दिवसांनी पहिली जोडी आणि वाटल्यास तिथून दोन दिवसांनी दुसरी.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये रिपोर्ट देतात, काही नॅनोमोलमध्ये. नॅनोमोलचा आकडा साधारण तिपटीहून थोडा जास्त असतो. रिपोर्टवर १६ पाहून घाईघाईने नर बोलावला जातो, प्रत्यक्षात ते ५ असतात. आकड्यापुढचं एकक वहीत लिहिलंच पाहिजे, आणि संपूर्ण माजभर एकाच प्रयोगशाळेकडे रक्त पाठवावं.

नराकडे नेण्याआधी दोघांचीही ब्रुसेला कॅनिसची चाचणी हवी. या जंतूमुळे कुत्री सातव्या-आठव्या आठवड्यात गर्भ टाकते, नर कायमचा निकामी होऊ शकतो आणि संसर्ग माणसालाही होतो. ‘आमचा नर घरातलाच आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. त्याच्याकडे आलेल्या कुत्र्या घरातल्या नव्हत्या.

जोडी लागल्यावर दोघं पाच मिनिटांपासून अर्ध्या-पाऊण तासापर्यंत अडकून राहतात. त्यांना ओढून सोडवायचं नाही, दोघांनाही गंभीर इजा होते. दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी डोकी धरून शांत उभं राहायचं, एवढंच काम. तारखेचा हिशेब मात्र जोडी लागल्याच्या दिवसावरून करू नये. नराचं बीज कुत्रीच्या पोटात कित्येक दिवस टिकतं, त्यामुळे त्या दिवसापासून मोजलं तर ५७ ते ७२ दिवसांत कधीही वीण होऊ शकते. अंडी सुटली त्या दिवसापासून मोजलं तर ६३, फार तर एक दिवस इकडे-तिकडे. प्रोजेस्टेरॉनवर केलेला खर्च इथे दुसऱ्यांदा वसूल होतो.

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास सोनोग्राफीत गर्भ दिसतात आणि त्यांची हृदयं चालताना दिसतात. नेमकी संख्या मात्र सोनोग्राफीत कळत नाही. त्यासाठी ५५ व्या दिवसानंतर एक एक्स-रे काढावा आणि त्यातल्या कवट्या आणि पाठीचे कणे मोजावेत. सात मोजली असतील आणि सहा बाहेर आली असतील, तर झोपायचं नाही हे त्यावरून कळतं.

गाभणपणात होणारी सर्वांत मोठी चूक प्रेमापोटीच होते. कुत्री गाभण राहिली की घरात कॅल्शियमच्या बाटल्या येतात. हाडं बनताहेत, दूध यायचंय, मग द्यायला काय हरकत आहे? हरकत आहे. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतलं कॅल्शियम गरजेप्रमाणे रक्तात सोडणारी पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्त पडते. पिलं झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुधाचा जोर सर्वाधिक असतो, मागणी एकदम चढते आणि ग्रंथी वेळेत जागी होत नाही. कुत्री धापायला लागते, अस्वस्थ होते, पाय ताठ पडतात, अंग थरथरतं, ताप चढतो. लहान जातींमध्ये, पॉमेरेनियन आणि पगमध्ये, हे जास्त दिसतं. काही तासांत झटके येऊन जीव जाऊ शकतो. उपाय एकच, डॉक्टरांनी शिरेतून, हृदयाचे ठोके पाहत हळूहळू दिलेलं कॅल्शियम. गाभणपणात चांगल्या प्रतीचं पिलांसाठीचं कोरडं खाद्य दिलं तर त्यात लागणारं सगळं असतं. पहिले पाच आठवडे नेहमीएवढंच खाणं, त्यानंतर हळूहळू वाढवत शेवटी दीडपटीपर्यंत, पण दिवसातून चार वेळा विभागून, कारण पोटात जागा नसते. दूध पाजताना मात्र दुप्पट-तिप्पट लागतं आणि तेव्हा हात आखडू नये.

जुलैत तारीख येत असेल तर मुंबईकराला आणखी एक तयारी करावी लागते. परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथेच जनावरांचं जुनं मोठं रुग्णालयही आहे, त्यामुळे अडचणीत बहुतेकांचे पाय तिकडेच वळतात. पण जोराच्या पावसात भरतीची वेळ गाठली की हिंदमाता आणि परळचा भाग पाण्याखाली जातो. वहीच्या त्या आठवड्याच्या पानावर भरतीच्या वेळा लिहाव्यात आणि आपल्या बाजूच्या, पाणी न भरणाऱ्या रस्त्यावरच्या आणखी एका शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवावं. रात्री दोनला फोन उचलतील का, हे सरळ विचारावं.

५७ व्या दिवसापासून दिवसातून तीनदा गुदद्वारातून ताप मोजायचा. एरवी कुत्रीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, शेवटच्या आठवड्यात ते १०० ते १०१ वर येतं. ते ९९ च्या खाली घसरलं की बहुधा २४ तासांच्या आत कळा सुरू होतात. ही घसरण काही तासच टिकते, म्हणून दिवसातून एकदा मोजून भागत नाही. तापमान घसरलं, पुन्हा चढलं आणि दिवस उलटला तरी कळा नाहीत, तर डॉक्टरांकडे जायचं.

पहिल्या टप्प्यात कुत्री जागा उकरते, धापते, थरथरते, खात नाही. सहा ते बारा तास, कधी जास्तही. या काळात घरात गर्दी नको. शेजारच्या मुलांना पिलं बघायला तीन आठवड्यांनी बोलवा. मग जोराच्या कळा येतात. वहीत घड्याळाची वेळ लिहायची ती इथे. जोराच्या कळा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि पिलू आलं नाही, किंवा दोन पिलांत दोन तास गेले आणि आत पिलं शिल्लक आहेत, किंवा पहिल्या पिलाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, तर गाडी काढायची. हिरवा रंग म्हणजे वार सुटली आहे आणि आतलं पिलू ऑक्सिजनवाचून आहे. पिलं यायला लागल्यावर तोच रंग दिसणं स्वाभाविक आहे, घाबरायचं ते फक्त पहिल्या पिलाआधी. घरी कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देणारे ‘अनुभवी’ लोक भेटतात. पिलू आडवं अडकलेलं असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. ते कुणाच्याही हाती देऊ नये.

पिलू पिशवीतच आलं आणि आईने ती फाडली नाही, तर आपण बोटांनी नाकापाशी फाडायची, तोंड पुसायचं आणि खरखरीत टॉवेलने पाठ चोळायची. पिलाला धरून हवेत झुलवायची जुनी रीत सोडून द्यावी, त्याने मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून इंचभर अंतरावर दोऱ्याने बांधून पलीकडे कापायची आणि टोक बीटाडीनमध्ये बुडवायचं. पोटाकडून ओढ बसली तर बेंबीचा हर्निया होऊ शकतो. प्रत्येक पिलामागे एक वार बाहेर पडते, ती मोजून लिहायची. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर सैल बांधायची, म्हणजे पुढचे तीन आठवडे ‘निळा’ आणि ‘पिवळी’ वेगवेगळे लिहिता येतात. पहिल्या बारा तासांत प्रत्येक पिलाच्या पोटात आईचा चीक गेलाच पाहिजे. २४ तासांनंतर त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून रक्तात जात नाहीत.

लॅबसाठी चार फूट बाय चार फुटांची पेटी लागते. भिंतींना आतून, जमिनीपासून चार इंचांवर आणि भिंतीपासून तीन-चार इंच पुढे आलेला दांडा बसवायचा. आई कुशीवर वळली की मागे सापडलेलं पिलू त्या दांड्याखाली वाचतं. हा दांडा नसलेल्या पेटीत पहिल्या तीन रात्रीत पिलं चेंगरतात.

पुस्तकांत पेटीवर बल्ब टांगायला सांगितलेलं असतं. ती पुस्तकं थंड देशांतली. पहिल्या आठवड्यात पिलांना ८५ ते ९० फॅरनहाइट, म्हणजे ३० ते ३२ सेल्सिअसची ऊब लागते आणि मे महिन्यात मुंबईच्या खोलीत तेवढी आपोआप असते. वरून बल्ब लावला तर पिलं भाजून निघतात आणि आई पेटी सोडून बाथरूमच्या फरशीवर जाऊन पडते. मग पिलं उपाशी. उलट, आई धापतेय म्हणून एसी २२ वर लावला तर आई सुखावते आणि पिलं गारठतात. एसी २७-२८ वर, झोत छताकडे, पंखा पेटीवर नाही, आणि पेटीच्या एका कोपऱ्यात गोधडीत गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. म्हणजे आईला हवी ती बाजू आणि पिलांना हवी ती बाजू. पिलं स्वतःच सांगतात. ढीग करून कुरकुरत असतील तर थंडी वाजतेय, लांब लांब पसरून ओरडत असतील तर उकडतंय. एका सैल गठ्ठ्यात, झोपेत अंग उडवत पडली असतील तर सगळं ठीक.

गारठलेलं पिलू हातात घेतलं की कळतं. करंगळी तोंडात घातली तर आतलं तोंड थंड लागतं. जीभ बोटाभोवती वळत नाही. अंग पिठाच्या गोळ्यासारखं हाताच्या आकारात ढिलं पडतं. अशा वेळी घरातलं प्रत्येक माणूस सांगेल की आधी दूध पाजा. पाजायचं नाही. पिलाचं तापमान ९४ च्या खाली गेलं की आतडी हलत नाहीत, पोटातलं दूध तसंच नासतं, नाहीतर फुफ्फुसात जातं. आधी ऊब, तीही हळूहळू. आपल्या अंगाशी, कपड्यांच्या आत धरून तासा-दोन तासांत ते ९६-९७ पर्यंत आणायचं. हिरड्यांना ग्लुकोजच्या पाण्याचे दोन थेंब चोळायचे. करंगळी ओढायला लागलं की मग दूध, तेही पोटावर पालथं ठेवून. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधाच्या निम्म्याहून कमी प्रथिनं आणि निम्म्याहून कमी चरबी असते, म्हणून पिलांसाठीची तयार दूध पावडर घरात आधीच आणून ठेवावी. ऊब टिकवण्याचं आणखी एक कारण आहे. नवजात पिलांना मारणारा नागिणीच्या जातीचा एक विषाणू थंड अंगातच फोफावतो.

काटा रोज सकाळी एकाच वेळी. लॅबचं पिलू ३५० ते ५०० ग्रॅमचं जन्मतं. पहिल्या दिवशी थोडं घटलं तरी चालतं, पण दहा टक्क्यांहून जास्त नाही. नंतर रोज जन्मवजनाच्या ५ ते १० टक्के वाढ आणि दहा दिवसांत दुप्पट. एखादं पिलू दोन दिवस तिथल्या तिथे राहिलं तर ते दिसायला अजून छान असतं, पण आतून मागे पडायला लागलेलं असतं. डोळ्याला हे तिसऱ्या दिवशी दिसतं, काट्याला पहिल्याच दिवशी. तो दोन दिवसांचा फरकच पिलू वाचवतो. आईची आचळं रोज हाताने चाचपायची, एखादं गरम आणि कडक लागलं तर गाठ आलीय. पिलांची नखं आठवड्याला कापायची, नाहीतर ती आचळं ओरबाडतात आणि आई पाजायला टाळते. जंताचं औषध दोन, चार, सहा आणि आठ आठवड्यांनी, आईलाही सोबत.

तीन आठवडे झाले की पिलं पेटीबाहेर बघायला लागतात आणि धोक्याची जात बदलते. आता धास्ती पिलांना जीवघेणी हगवण लावणाऱ्या पार्व्होची. हा विषाणू माणसाच्या चपलेवरून घरात येतो आणि फरशीच्या भेगांत महिनोन् महिने जिवंत राहतो. आपल्याकडे घर फिनाइलने पुसतात, घराला वास येतो आणि स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. फिनाइलने पार्व्हो मरत नाही. घाण आधी साबणाने धुवून काढायची, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, आणि ते दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. घाणीवर ब्लीच ओतलं तर ते घाणीवरच खर्ची पडतं. पाहुण्यांनी चपला दाराबाहेर काढायच्या आणि हात धुवायचे. जे त्याच दिवशी दुसऱ्या कुत्र्यांकडे जाऊन आले आहेत त्यांना नम्रपणे ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणायचं. वाईट वाटलं तरी चालेल.

लस सहा ते आठ आठवड्यांनी सुरू होते आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. लोक विचारतात, एवढ्या वेळा का? आईच्या चिकातून आलेलं संरक्षण लसीलाच निष्प्रभ करतं आणि ते कोणत्या पिलात कधी संपेल सांगता येत नाही. म्हणून लस पुन्हा पुन्हा द्यायची, म्हणजे संरक्षण उतरल्यावर एक तरी डोस लागू पडेल. मुंबईत लेप्टोची लसही हवीच, दोन डोस, आणि जमलं तर ती जूनच्या पावसाआधी पूर्ण व्हावी. उंदरांचं मूत मिसळलेलं साचलेलं पाणी प्रत्येक गल्लीत असतं.

याच काळात पिलाचा स्वभाव घडतो. तीन ते बारा-चौदा आठवड्यांत जे शांतपणे भेटलं ते जन्मभर ओळखीचं राहतं. कुकरची शिट्टी, लिफ्टचा धक्का, खिडकीतून येणारा ढोल-ताशा, मिक्सर, छत्री उघडण्याचा आवाज. सुरुवात हळू आवाजात, पिलं खात असताना. लस पूर्ण व्हायची आहे म्हणून जमिनीवर सोडता येत नाही, पण कडेवर घेऊन सोसायटीच्या गेटपाशी दहा मिनिटं उभं राहता येतं. ज्या ब्रीडरकडची पिलं आठ आठवडे एका बंद खोलीत असतात, त्यांना कितीही चॅम्पियन आजोबा असले तरी ती लिफ्टला घाबरणार.

शोबद्दल थोडंच लिहितो, कारण रिंगमध्ये जे दिसतं ते बहुतेक या आधीच्या पानांवर ठरलेलं असतं. परीक्षक कुत्र्यांची तुलना आपसात करतो असं बघणाऱ्याला वाटतं, खरं तर तो प्रत्येकाला जातीच्या लिखित मानकाशी ताडून बघत असतो. लॅबचा नर खांद्याशी ५६-५७ सेंटिमीटर, मादी ५४ ते ५६. दातांची कात्रीसारखी पकड, नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेले, जाड बुडाची पाणमांजरासारखी शेपूट, दुहेरी केस. परीक्षक हात फिरवतो तेव्हा त्याला बरगड्या लागल्या पाहिजेत. आपल्याकडचे बरेच लॅब इथेच मार खातात, भरलेलं अंग म्हणजे तब्येत असा समज आहे म्हणून. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरवर पिलू असल्यापासून मरेपर्यंत चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणारे लॅब मध्यमानाने जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखी उशिरा झाली. चॅम्पियन होण्यासाठी शोमध्ये लागणारं चॅलेंज सर्टिफिकेट मिळो न मिळो, एवढं तरी प्रत्येकाने घरी करण्यासारखं आहे. खुब्यांसाठी दुसरी गोष्ट, वाढत्या पिलाला गुळगुळीत टाइल्सवर धावू देऊ नये. दारापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅट टाकावी.

मुंबई-पुण्याकडे शोचा हंगाम थंडीत असतो, पण केसांची तयारी पावसाळ्यातच होते. दुहेरी केसांच्या कुत्र्याला पावसातून आणून वरवर पुसलं तर आतला मऊ थर तासन्‌तास ओला राहतो आणि दोन दिवसांत कातडीवर ओली, लाल, केस गेलेली चकती उठते. जोराच्या झोताच्या ड्रायरने, गरम नाही, नुसत्या हवेने, उलट्या दिशेने मुळापर्यंत सुकवावं लागतं. गोचीड तर कुत्र्यावर कमी आणि भिंतीत जास्त असतात. मादी गोचीड रक्त पिऊन खाली पडते, खिडकीच्या चौकटीमागे अंडी घालते. म्हणून कुत्र्याला महिन्याची गोळी आणि घराच्या भेगांना फवारणी एकाच दिवशी करावी.

आपल्या मुलखाचा कारवान, म्हणजेच मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा, या सगळ्या वर्णनात बसत नाही, आणि मला तो फार प्रिय आहे. लांब पाय, खोल छाती, आखूड केस. सोलापूर-सांगलीकडच्या आणि सीमेपलीकडच्या मुधोळच्या उन्हात तयार झालेलं शरीर. २००५ मध्ये टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यात मुधोळही होता. मुंबईची हवा त्याला सोसते, पण फ्लॅट सोसत नाही. रोज मोकळं धावायला मिळणार नसेल तर त्याला आणू नये.

आठव्या आठवड्यानंतर पिलू द्यायचं ते वहीसकट. म्हणजे त्याच्या पानांची फोटोकॉपी: जन्मवजन, रोजचे आकडे, जंताच्या औषधाच्या तारखा, दिलेल्या लसी आणि त्यांच्या बाटल्यांवरची लेबलं, आई-बापाच्या खुब्यांचे आणि डोळ्यांचे रिपोर्ट, मायक्रोचिपचा नंबर. आठवडाभर पुरेल एवढं सध्याचं खाद्य सोबत, कारण घर आणि खाणं एकाच दिवशी बदललं की हगवण ठरलेली. कागदावर एक अट लिहून सही घ्यावी: पिलू कुठल्याही वयात ठेवणं जमेनासं झालं तर ते दुसऱ्या कुणाला न देता ब्रीडरकडे परत यावं. आणि नव्या मालकाच्या कॅलेंडरवर आपल्याच हाताने तीन खुणा करून द्याव्यात: पुढच्या लसीचा दिवस, तीन महिने पूर्ण होतील तेव्हाची रेबीजची लस, आणि त्या सर्टिफिकेटवर महापालिकेचा परवाना काढायचा आठवडा. त्या खुणांच्या शेजारी ब्रीडरचा नंबर लिहावा आणि ती पुढची लस झाली की वजन किती भरलं ते कळवायला सांगावं.